गयाबाईंचा डावा डोळा

मेलेल्या माणसाचे डोळे उघडायला साधारण पाऊण तास लागतो. दचकू नका, फोटोतले डोळे म्हणतेय मी. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या आमच्या स्टुडिओत अशी गिऱ्हाइकं महिन्याला दोन-चार तरी यायचीच. माणूस हिंडताफिरता असताना त्याचा फोटो काढायचं घरात कुणाला सुचलेलं नसायचं, आणि गेल्यावर घाईघाईने फोटोग्राफरला बोलावणं जायचं. मग तो फोटो घेऊन मुलं यायची. "मॅडम, बाबांचे डोळे उघडून द्या. आणि जमलं तर कोट पण घाला." मी डोळे उघडायचे, कोटही घालायचे. लुंगी-बनियनवर जन्म काढलेली किती माणसं मी टाय लावून भिंतीवर पाठवली, त्याची गणतीच नाही.

या कामाला टचिंग म्हणतात. म्हणायचे, असं म्हणायला हवं. तेव्हा फोटो आधी निगेटिव्हवर यायचा आणि तिथे सगळंच उलटं असतं. काळे केस पांढरे, पांढरी साडी काळी. चेहऱ्यावरची सुरकुती तिथे फिकट रेघ होऊन दिसते. त्या रेघेत सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने बारीक ठिपके भरत गेलं की कागदावर सुरकुती गायब. पुढे कागदावरचे उरलेसुरले डाग ब्रशने झाकायचे. ब्रशला टोक आणायला तो जिभेवर फिरवावा लागतो, त्यामुळे माझी जीभ कायम राखाडी. आई म्हणायची, "एखादा डॉक्टर तुझी जीभ बघून चक्कर येऊन पडेल गं कुंदा."

हे काम माझ्या वडिलांचं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा मी त्यांच्या टेबलाशी बसले, तात्पुरती म्हणून. मॅट्रिक झाले होते, लग्न व्हायचं होतं. ते झालं नाही आणि टेबल काही सुटलं नाही. वडिलांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. "गिऱ्हाइकाला त्याचं माणूस नको असतं, चांगलं माणूस हवं असतं." आणि हाताची एक युक्ती दिली होती, की चेहऱ्याचा एक डोळा शाबूत असला तर दुसरा मिळालाच म्हणून समज. त्याच्यावर बघून काढायचा, आणि शेवटी बुबुळात पांढरा ठिपका द्यायचा. त्या ठिपक्याने माणूस जिवंत होतो. या दोन गोष्टींवर मी तीस वर्षं काढली.

आई गेली तेव्हाही मी तेच केलं. तिचा एकच धड फोटो होता, आमच्याच स्टुडिओत काढलेला. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये एक उभी आठी होती, आणि नाराज असली की ओठ डाव्या बाजूला वाकडा व्हायचा. म्हणजे दिवसाचे बहुतेक तास. मी ती आठी भरून काढली, ओठ सरळ केला, गालावरची सुरकुत्यांची जाळी पुसली. तीन दिवस खपले. आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम होतं ते, आमच्या मालकाने, सेठनेसुद्धा चष्मा वर करून पाहिलं. फोटो अंबरनाथच्या घरात भिंतीवर लागला, आणि दोन खोल्यांत मी एकटी उरले.

सुरुवातीला मी फोटोशी बोलायचे. भाजी काय आणली, कोण भेटलं, असं. मग बंद झालं ते. फोटोतून काहीच परत येत नव्हतं. मेलेलं माणूस असंच गप्प होत असेल, असं मी धरून चालले.

तशात कंप्युटर आला. सेठचा मुलगा नरेश कोर्स करून आला होता. मी दिवसभरात जे करायचे ते तो चहा निवायच्या आत करायचा. सेठ भला माणूस, सिंधी. मला नावाने कधी हाक मारली नाही, कायम 'अदी', म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. एक दिवस समोर येऊन बसला. "अदी, बुरा मत मान. आता सगळं कंप्युटरवर होणार. तू पण शिकून घे ना. नरेश शिकवेल."

"सेठ, त्या डब्याला मी हात लावणार नाही," मी म्हटलं.

ताठा होता, दुसरं काही नाही. पेन्सिली, पातं, ब्रश रुमालात गुंडाळले आणि घरी आले. त्यानंतरचे आठ-नऊ महिने कसे काढले, विचारू नका. सकाळी उठायचं, एक वाटी तांदूळ लावायचे, तो भात दोन्ही वेळेला पुरवायचा. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं, की आज आपण एक शब्द बोललेलो नाही. मग खाली जाऊन उगाच वाण्याला साबणाचा भाव विचारून यायचे.

आणि त्या जुलैत उल्हास नदी घरांत शिरली.

अंबरनाथला मी पहिल्या मजल्यावर, मला काही झालं नाही. पण बदलापूरला, उल्हासनगरला पाण्याने कुणाचं काय नेलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी धान्य बघितलं, मग कागदपत्रं, आणि पंधरा दिवसांनी फोटो. एके दिवशी सेठ स्वतः माझ्या दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. धापा टाकत खुर्चीत बसला.

"अदी, चल. दुकानात लाइन लागली आहे. नरेशला जमत नाही."

"का? डबा बिघडला?"

"डबा ठीक आहे. पण चेहराच नाही तर कंप्युटर काय साफ करणार? काढावा लागतो. वो तो तेरेको ही आता है."

मी रुमाल उचलला आणि गेले. ताठ्याला तेवढं पुरलं. ठरलं असं, की नरेश मूळ फोटोची कॉपी काढून मोठ्या कागदावर छापून देणार आणि मी त्यावर ब्रशने काम करणार. गिऱ्हाइकाच्या मूळ फोटोला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियमच आहे.

काय काय आलं म्हणून सांगू! एकमेकांना चिकटलेले अल्बम, अर्धा नवरा आणि पूर्ण नवरी, पाळण्यात नुसता डाग. एक म्हातारे सिंधी गृहस्थ आले, त्यांच्या फोटोत काही म्हणजे काही उरलं नव्हतं. पिवळ्या कागदावर तपकिरी ओघळ. मी म्हटलं, "बाबूजी, यात मी काय करू?" तर म्हणाले, "काही करू नकोस बेटी, फ्रेम कर फक्त. हे आमच्या सिंधमधल्या शिकारपूरच्या घराचं अंगण आहे. इथे विहीर." त्यांनी एका ओघळावर बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. मला विहीर दिसली नाही. पण फ्रेम करून दिली, आणि ते अशी जपून घेऊन गेले की जणू आत पाणी आहे. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

त्याच आठवड्यात मिलिंद आले. बदलापूर गावातले, मुंबईला सरकारी ऑफिसात नोकरी, चाळिशीचे. शर्टाची घडी मोडू न देणारा माणूस. "जयभीम ताई," म्हणाले आणि पुठ्ठ्यात बांधलेला फोटो पुढे ठेवला. त्यांची आई, गयाबाई. वर्षापूर्वी गेलेली. जन्मात काढलेला एकच फोटो, तो दीड दिवस पाण्याखाली होता. उजवी बाजू बरीच शाबूत होती. कपाळावरचं गोंदण, उजवा डोळा, पदराचा काठ. डाव्या गालापासून कपाळापर्यंत मात्र कागद नुसता सोलून निघालेला.

"पुढच्या रविवारी आईच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन आहे," ते म्हणाले. "सगळे नातेवाईक येतील. तेवढ्यात होईल ना? आमच्याकडे दुसरा फोटोच नाही."

"होईल. एक डोळा आहे ना, दुसरा मिळालाच."

ते जरा थांबले. काहीतरी सांगतील असं वाटलं. मग म्हणाले, "हो. दोन्ही डोळे छान काढा."

त्या फोटोत एक गंमत होती. बाई समोर तोंड करून उभी नव्हती. मान जराशी डावीकडे वळवलेली, आणि उजवा डोळा मात्र रोखून समोर. ही अशी का उभी, यावर दुकानात चर्चाच झाली. सेठ म्हणाला, "गुस्सा आहे. नवऱ्याने जबरदस्तीने आणली असेल." नरेश म्हणाला, "नाही डॅडी, फोटोग्राफरने पोझ दिली. तेव्हा फॅशन होती." मिलिंदना विचारलं, तर म्हणाले, "स्वाभिमानी होती ताई. मान कधी सरळ दिली नाही कुणाला."

आणि माझं म्हणणं विचाराल, तर मला पक्कं दिसत होतं की ती कुणाची तरी वाट बघतेय. फोटोबाहेर डावीकडे दार असणार, आणि त्या दाराकडे तिचा कान आहे. तीन दिवस त्या चेहऱ्याजवळ बसून मी अख्खी गोष्ट रचली. कोण येणार होतं, का आलं नाही. त्या कल्पनेतच डावा डोळा काढला. उजव्याला जोड, त्याच आकाराचा, किंचित दाराकडे झुकलेला. शेवटी पांढरा ठिपका दिला आणि गयाबाई जिवंत झाल्या. मिलिंदनी फोटो दोन्ही हातांत धरून बघितला. डोळे पुसले, आभार मानले, घेऊन गेले. मला वाटलं, आपला हात अजून शाबूत आहे.

शुक्रवारी दुपारी एक बाई दुकानात शिरली. काखेत ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी. काउंटरवर ठेवलं आणि सोडलं, तर मीच केलेला फोटो.

"ताई, ही कोण?"

"गयाबाई ना? मिलिंदच्या आई."

"मी मिलिंददादाची बहीण, प्रमिला. चिखलोलीला असते. ही कोण, ते सांगा मला."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तिचा डावा डोळा नव्हता ताई," ती म्हणाली. "खडी फोडायला जायची. कपची उडून गेला. माझा जन्म व्हायच्या आधी. दादाने सांगितलं नाही?"

"नाही." मग मला ती मान आठवली. "म्हणून ती अशी..."

"एका डोळ्याने समोर बघायचं तर मान वळवावीच लागते ना. सगळ्यांकडे तशीच बघायची. जेवताना, अभ्यासाला, आम्ही भावंडं कायम तिच्या उजव्या हाताला. डावीकडून गेलं की दचकायची बिचारी." तिने फोटोवर हात ठेवला. "ही बाई चांगली आहे ओ. पण ही माझ्याकडे बघतच नाही. परवा हिच्या पाया पडायचं आणि म्हणायचं, आई?"

मला काय लाज वाटली, काय सांगू! कसलं दार आणि कसली वाट. बाई बिचारी फोटोग्राफरकडे नीट बघायचा प्रयत्न करत होती, इतकंच. वाट बघणारी मी होते. माझ्याच घरातलं दार मी तिच्या फोटोत नेऊन बसवलं होतं.

नरेशकडून नवी कॉपी छापून घेतली. आणि मग माझी खरी पंचाईत. तीस वर्षांत व्यंग झाकायला शिकले होते, काढायला नाही. "कसा होता तो डोळा?" मी विचारलं.

प्रमिला स्टूल ओढून माझ्या उजव्या हाताला बसली. सवयीनेच असणार. "पांढरट. पेजेवर साय धरते ना, तसा. नाही, इतका पांढरा नको. खालच्या कोपऱ्यात थोडं काळं दिसायचं. पापणी जरा खाली. अजून थोडी. हां."

त्या दुपारी तिने आपला डबा उघडला आणि अर्धी भाकरी मला दिली, सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर. माझ्या शेजारी बसून कुणी जेवलं, त्याला तेव्हा किती महिने झाले होते, मलाच आठवेना. घास गिळताना डोळे पुसावे लागले, तर मी चटणी तिखट आहे म्हणून सांगितलं. डोळा पुरा झाल्यावर माझा हात सवयीने पांढरा ठिपका द्यायला गेला. प्रमिलाने मनगट धरलं. "तो नको."

फोटो बघून ती रडली. मग म्हणाली, "रविवारी तुम्हीपण या ताई. दादाला एकटीने दाखवायची माझी हिंमत नाही."

मी गेले. बदलापूर गावातलं त्यांचं बैठं घर, भिंतीवर डोक्याच्या वर चिखलाची रेघ अजून तशीच. पांढऱ्या साड्यांतल्या बायका सतरंजीवर बसलेल्या, समोर टेबलावर बुद्धांची मूर्ती, मेणबत्त्या, आणि फोटोसाठी मोकळी जागा. प्रमिलाने ओढणी सोडून फोटो तिथे ठेवला. मिलिंद आतून आले, बघितलं आणि जागच्या जागी थांबले. चेहरा असा झाला की मी चप्पल कुठे काढलीय ते आठवायला लागले.

"कुणी सांगितलं हे करायला?" हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी," प्रमिला म्हणाली.

"जन्मभर लोक तिला एकडोळी म्हणाले. मी म्हटलं, भिंतीवर तरी... आणि तुला काय माहीत गं? तू नव्हतीस. मी चार वर्षांचा होतो. मला तिचे दोन डोळे आठवतात."

प्रमिलाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. हे तर दोघींनाही सुचलं नव्हतं. माझा पहिला फोटो खोटा, अशी माझी खात्री झाली होती. आणि इथे हा माणूस सांगत होता, की त्याने ती आई पाहिली आहे, दोन डोळ्यांची. कुणाचीच आई खोटी नव्हती.

भंतेजी आले. लोक सरकून बसले. मिलिंद यजमान, त्यांची जागा टेबलाच्या एका अंगाला, आईच्या डाव्या हाताशी मांडलेली होती. ते तिथे बसले. त्रिशरण सुरू झालं. सगळ्यांचे हात जोडलेले, आणि मिलिंदची चुळबूळ थांबेना. एकदा फोटोकडे बघितलं, मान खाली घातली, पुन्हा बघितलं. मग अर्ध्या वंदनेतून उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि बहिणीच्या शेजारी, आईच्या उजव्या हाताला जाऊन बसले. प्रमिला थोडी सरकली.  दोन डोळ्यांचा फोटो मिलिंदनी ठेवून घेतला, पुढे तो त्यांच्या पाकिटात मावेल असा छोटा करून मीच दिला.

त्या संध्याकाळी घरी आले. दिवा लावला आणि भिंतीकडे बघितलं. गुळगुळीत कपाळ, सरळ ओठ, दोन्ही डोळ्यांत पांढरे ठिपके. प्रमिलाच्याच आवाजात माझ्या तोंडून निघालं, "ही कोण?" मी खाली बसले आणि आई गेली तेव्हा रडले नव्हते तेवढी रडले. ती गप्प झाली नव्हती. मीच तिला गप्प केलं होतं, ठिपका ठिपका भरून, तीन दिवस बसून.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी दारात. निगेटिव्हचं कपाट सेठ फेकायला निघाला होता. खालचे खण पुरात भिजून लगदा झालेले. आईचं पाकीट वरच्या खणात होतं. कापसाला टर्पेंटाइन लावलं आणि निगेटिव्हवरून फिरवलं. पेन्सिल निघायला किती वेळ लागतो? दोनदा हात फिरला, आणि माझं आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम कापसावर काळं होऊन आलं.

पण फोटो काढायचा कशावर? जुनं मशीन विकलेलं, डार्करूममध्ये आता खोकी. नरेश म्हणाला, "आंटी, स्कॅन करू ना." आणि खुर्ची सोडून उठला. "तुम्हीच बसा. तुमचं माणूस आहे."

त्या डब्यासमोर मी बसले. माउस धरायचा कसा ते त्याने दाखवलं. पडद्यावर आई आली, उलटी, काळ्या चेहऱ्याची आणि पांढऱ्या केसांची, जशी मला वाचायची सवय होती. "आता हे दोन बटण एकदम दाबा," तो म्हणाला. मी दाबली, आणि आई सुलट झाली.

आठी. वाकडा ओठ. गालावरची जाळी. माझ्याकडे रोखून बघत होती, जीभ दाखव म्हणाल्यासारखी.

"आंटी, या लाइन्स काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावशील तर याद राख," मी म्हटलं, आणि तो घाबरून मागे सरला.

पुढे त्याच खुर्चीवर मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. लोकांच्या सुरकुत्या पुसल्याही, त्यांना हव्या होत्या तेव्हा. पण आधी विचारायला शिकले, की तुम्हाला हे माणूस कसं आठवतं? लोक खुर्ची ओढून बसायचे आणि सांगायचे. पुष्कळ ऐकलं मी.

आईचा जुना फोटो उतरवला, नवा लावला. बाहेरून आले की चप्पल काढता काढता वर नजर जाते. ती बघत असते, भुवया आवळून, इतका उशीर का म्हणून. मी सांगते.